कळंगुट रस्त्यावरील गालिच्यांचे दुकान आणि किमतीमागचा बाजार

कळंगुटहून कांदोळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काश्मिरी वस्तूंची जी दुकाने लागतात, त्यांपैकी बहुतेकांत शाली, कागदाच्या लगद्याच्या रंगीत डब्या आणि चांदीचे दागिने यांच्या मागे चार-सहा गालिचे गुंडाळून उभे केलेले असतात. ज्या दुकानाविषयी येथे लिहीत आहे, तेथे हे प्रमाण उलटे आहे. शाली आणि डब्या दाराशी नावापुरत्या, आणि आतल्या दोन्ही दालनांत छतापर्यंत गालिचे. मालकाने आपल्या खरेदी-विक्रीचे बरेच तपशील मोकळेपणाने सांगितले. ते उघड नावानिशी छापणे योग्य नसल्यामुळे दुकानाचे नाव दिलेले नाही, परंतु या रस्त्यावर केवळ गालिच्यांवर चालणारी दुकाने फार नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. माल चांगला आहे, कोणता गालिचा कोठला हे खरे सांगितले जाते, पण किंमत सांगताना जो इतिहास ऐकवला जातो तो निम्माच असतो, आणि उरलेला निम्मा ठाऊक असेल तर खरेदीचा निर्णय बदलू शकतो. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या उरलेल्या निम्म्याचेच कुतूहल अधिक, म्हणून हे परीक्षण थोडे लांबले आहे.

पहिल्या दालनात काश्मिरी माल आहे: लोकरीचे, सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमाचे, आणि काही संपूर्ण रेशमाचे. दुसऱ्या, वातानुकूलित दालनात इराणी माल आहे. त्यात कोमचे लहान रेशमी गालिचे, तब्रीझचे लोकर-रेशीम मिश्र गालिचे, नाईनचे फिकट निळे-पांढरे नमुने आणि हमदान परिसरातील खेड्यांत विणलेले, जाड विणीचे काही जुने तुकडे आहेत. या दोन दालनांमधील भिंत ओलांडली की किंमत तिप्पट होते, आणि माझ्या कुतूहलाचे मूळ तेथे आहे.

तब्रीझच्या विणीची मोजणी 'रज' या एककाने होते. सात सेंटिमीटर रुंदीत किती गाठी बसतात तो आकडा म्हणजे रज. पन्नास रजाच्या गालिच्यात एका इंचात साधारण अठरा गाठी येतात. काश्मिरात तीच वीण 'अठरा-अठरा' म्हणून विकली जाते, म्हणजे एका चौरस इंचात ३२४ गाठी. गाठ बांधण्याची पद्धत मात्र वेगळी: तब्रीझची तुर्की धाटणीची, काश्मीरची इराणी. चार फूट बाय सहा फुटांच्या अशा गालिच्यात सुमारे अकरा लाख वीस हजार गाठी बसतात, आणि कसबी विणकर दिवसाला आठ हजार गाठी बांधतो असे धरले तरी एका माणसाचे १४० दिवसांचे काम होते. नक्षी काढणारा, रंगारी, धुणारा आणि कातरणारा यांचे श्रम निराळे. श्रीनगरात बांधलेली गाठ आणि तब्रीझमध्ये बांधलेली गाठ यांच्या श्रमांत तिपटीचा फरक असू शकत नाही. लोकरीची प्रत, रंगसंगतीची सफाई, नक्षीकाराचा हात हे फरक खरे आहेत आणि शेजारी शेजारी पसरल्यावर तब्रीझचा गालिचा उजवा ठरतो हेही मान्य करावे लागेल. परंतु त्यासाठी दीडपट मोजता येईल, तिप्पट कशासाठी, हा प्रश्न मी मालकाला विचारला. 'ते इराणी आहे,' एवढेच उत्तर मिळाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते उत्तर पुरेसे आहे. ग्राहकाच्या दृष्टीने चौकशी तेथून सुरू व्हायला हवी.

दुकानात मिळणाऱ्या पत्रकात इराणी गालिच्यांची अडीच हजार वर्षांची परंपरा सांगितलेली आहे. सायबेरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथील बर्फात गोठलेल्या थडग्यातून १९४९ मध्ये निघालेला गालिचा तेवढा जुना आहे, आणि आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, हे खरे. परंतु कलेचे वय आणि व्यापाराचे वय एक नव्हे. इराणच्या सफावी राजघराण्याच्या काळात, विशेषतः शाह अब्बासने १५९८ मध्ये इस्फहानला राजधानी हलवल्यानंतर, जे भव्य गालिचे विणले गेले ते मुख्यतः दरबाराच्या कारखान्यांत, दरबारासाठी, मशिदी-दर्ग्यांसाठी आणि परकीय राजांना नजराणा म्हणून. पोलंडच्या तिसऱ्या झिगमुंट राजाने १६०१ मध्ये एका आर्मेनियन व्यापाऱ्याला काशानला पाठवून गालिचे विणवून घेतले, अशी थेट मागणीची उदाहरणे आहेत. पण इराणच्या तिजोरीत चांदी आणणारा माल गालिचा नव्हता, रेशीम होते. इस्फहानजवळच्या नव्या जुल्फात शाह अब्बासने वसवलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी आणि पुढे इंग्रज-डच कंपन्यांनी इराणातून नेले ते मुख्यतः कच्चे रेशीम.

या सगळ्यात आपला गोवा कोठे, असा प्रश्न येथील वाचकाला पडेल, आणि मालकाला तर तो फारच प्रिय आहे. पोर्तुगिजांनी होर्मुझ बेटावर १५०७ मध्ये पहिला हल्ला केला, १५१५ मध्ये ते पक्के ताब्यात घेतले आणि १६२२ मध्ये इराणी सैन्य व इंग्रजी जहाजे यांच्या संयुक्त हल्ल्यात ते गमावले. या शंभर-सव्वाशे वर्षांत इराणचा माल होर्मुझमार्गे गोव्याला येत असे. त्यात घोडे महत्त्वाचे, पण गालिचेही होते. सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने होर्मुझहून येणाऱ्या गालिच्यांची नोंद केलेली आहे. होर्मुझ हातचे गेल्यावर व्यापाराचा ओघ बंदर अब्बासकडे आणि तेथून सुरतेकडे वळला, आणि गोव्याच्या उतरत्या काळाला आणखी एक धक्का बसला.

याच संदर्भात दुकानात एक दावा ऐकवला जातो की जुन्या काळी खुद्द गोव्यात इराणी धाटणीचे गालिचे विणले जात. हा दावा निराधार नाही, पण आता टिकणाराही नाही. 'पोर्तुगीज गालिचे' या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा गट व्हिएन्नासारख्या ठिकाणच्या संग्रहालयांत आहे. त्यांच्या चारही कोपऱ्यांत समुद्र, जहाजे, युरोपीय पोशाखातील माणसे आणि पाण्यात पडलेला एक माणूस अशी चित्रे आहेत. त्या चित्रांवरून विसाव्या शतकाच्या आरंभी काही अभ्यासकांनी ते गोव्यात विणले गेले असावेत असे मत मांडले होते. वीण आणि लोकर तपासणाऱ्या पुढच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांचा कल ते ईशान्य इराणातील खोरासानचे मानण्याकडे आहे, तर काही जण गुजरातचे नाव घेतात. गोव्याचा अभिमान सुखावणारी कथा म्हणून ती ऐकायला हरकत नाही. तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आज आपण ज्याला पर्शियन गालिच्यांचा व्यापार म्हणतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला, आणि त्याला कारण ठरला रेशमाच्या किड्यांचा एक रोग. युरोपातील रेशीम उद्योग उद्ध्वस्त करणारा पेब्रिन हा रोग १८६०च्या दशकाच्या मध्यास कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात पोहोचला आणि इराणची सर्वांत मोठी निर्यात काही वर्षांत कोसळली. त्याच काळात मँचेस्टरचे स्वस्त गिरणी कापड इराणी बाजारात भरून येत होते आणि देशी विणकरांचा धंदा बसत होता. आयातीचे पैसे फेडायला काहीतरी बाहेर पाठवणे भाग होते. अफू आणि गालिचा ही त्या पेचाची दोन उत्तरे ठरली. तब्रीझच्या व्यापाऱ्यांनी घराघरांतील, दर्ग्यांतील जुने गालिचे गोळा करून इस्तंबूलमार्गे युरोपात पाठवायला सुरुवात केली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात हे गालिचे झळकले, आणि युरोप-अमेरिकेतील नव्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत त्यांना जागा मिळाली. जुना साठा संपत आला तेव्हा नव्याने विणवून घेणे सुरू झाले.

यापुढचे कारण चलनाचे आहे, आणि दुकानाच्या पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. इराणचे क्रान हे नाणे चांदीचे होते. १८७०च्या दशकात जर्मनीपासून एकेक देश सुवर्णमानाकडे, म्हणजे सोन्यावर आधारलेल्या चलनाकडे, वळले, चांदीचा भाव घसरत गेला आणि क्रानही घसरला: त्या दशकाच्या आरंभी एका पौंडाला सुमारे २५ क्रान मिळत, शतक संपताना सुमारे ५०. आपल्याकडील चांदीच्या रुपयाचीही त्याच काळात अशीच घसरण झाली होती आणि इंग्लंडला जाणाऱ्या रकमांचा बोजा त्यामुळे वाढला होता, हे दादाभाईंच्या काळातील वाद वाचलेल्यांना आठवेल. इराणात मात्र त्याचा दुसरा परिणाम झाला. सोन्यात कमावणाऱ्या लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या ग्राहकाला चांदीत मजुरी घेणाऱ्या विणकराचा गालिचा वर्षागणिक स्वस्त मिळत गेला. मूळ स्विस घराण्याची, मँचेस्टरहून व्यवहार करणारी झिगलर ही कंपनी सुलतानाबादेत, म्हणजे आजच्या अराकमध्ये, १८८० नंतर पाय रोवून बसली आणि आसपासच्या खेड्यांतील विणकरांना लोकर, रंग, नक्षीचे नमुने आणि आगाऊ रक्कम देऊन माल विणवून घेऊ लागली. मँचेस्टरचे कापड विकून आलेला पैसा मायदेशी न्यायचा कसा, या कंपनीच्या अडचणीवरचा तो मार्ग होता. पैसा गालिच्यांच्या रूपाने गेला.

या व्यवस्थेने गालिच्याचे मापसुद्धा बदलले, आणि ते बदललेले माप कळंगुटच्या या दुकानात आजही पाहता येते. इराणी घरांतील लांबट खोल्यांत मधोमध एक लांब गालिचा, दोन्ही बाजूंना अरुंद पट्टे आणि डोक्याकडे एक आडवा, अशी मांडणी असे. युरोपीय जेवणघराला एकच मोठा आयताकृती तुकडा हवा होता. नऊ बाय बारा फुटांचा गालिचा आज 'मूळ पर्शियन माप' म्हणून दाखवला जातो, तो परदेशी ग्राहकाच्या खोलीवरून बेतलेला आहे. नक्षी विरळ झाली, रंग सौम्य झाले, तेही तेथील पडद्यांना आणि खुर्च्यांना शोभावे म्हणून. यात मला फसवणूक दिसत नाही. विणकर मागणीप्रमाणे विणतो, आणि झिगलरचे ते गालिचे आज लिलावांत चढ्या भावाने जातात. केवळ 'अस्सल परंपरा' या शब्दांना व्यापारात किती वजन द्यावे, याचा अंदाज त्यावरून येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १८९३ मध्ये दोन हजार पौंडांना घेतलेला अर्दबीलचा सुप्रसिद्ध गालिचा, ज्यावर हिजरी ९४६ म्हणजे इसवी १५३९-४० हे साल विणलेले आहे, तोही या नव्या बाजाराच्या लाटेत दर्ग्यातून बाहेर पडून विलायतेला पोहोचला.

लाट आली की घाई येते, आणि घाईबरोबर कच्चे रंग. युरोपातून आलेले रासायनिक रंग मंजिष्ठ आणि नीळ यांच्यापेक्षा फार स्वस्त होते आणि पहिल्या पिढीतील हे रंग उन्हाने उडत, पाण्याने पसरत. इराणच्या तेव्हाच्या काजार राजवटीने त्यांच्यावर बंदी घातली, पण ती फारशी पाळली गेली नाही. याचा खरेदीशी थेट संबंध आहे. हमदानचा जुना म्हणून दाखवलेला एक तुकडा मी पांढऱ्या ओल्या रुमालाने घासून पाहू दिला जाईल का असे विचारले, तेव्हा मालकाने स्वतः रुमाल भिजवून दिला. लाल रंग किंचित उतरला. त्याने कारणे सांगत बसण्याऐवजी किंमत खाली आणली. हा गुण मी दुकानाच्या खात्यावर जमा धरतो.

दुसरा प्रसंग यापेक्षा बोलका आहे. गडद लाल पार्श्वभूमीवर सुट्या फुलांच्या फांद्या असलेला सारुक जातीचा एक जुना गालिचा मदतनीस मुलाने उलगडला आणि शंभर वर्षांचा नैसर्गिक रंग म्हणून त्याचे वर्णन सुरू केले. गालिचा उलटून पाहिला तर मागची बाजू फिकट गुलाबी आणि पुढची गडद मरून. १९२०च्या दशकात अमेरिकी ग्राहकाला सौम्य चकाकी आणि गडद लाल रंग असे दोन्ही हवे होते. म्हणून न्यूयॉर्कचे आयातदार सुलतानाबाद परिसरात विणलेले हे गालिचे रसायनांनी धुऊन चमकवत आणि त्यात फिकटलेला रंग हाताने पुन्हा भरून घेत. मालक आतून आला आणि त्याने मुलाला थांबवून हेच सांगितले. त्या मागणीच्या जोरावर इराणातील हजारो माग चालत होते. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकी खरेदी आटली आणि त्याच मागांवर अवकळा आली. रंगवलेला सारुक वाईट नसतो. टिकाऊ असतो, दिसायला भारदस्त असतो. मात्र रंग नैसर्गिक समजून त्याचे दाम देणारा ग्राहक फसतो, आणि या दुकानात निदान मालक समोर असेपर्यंत तो फसणार नाही.

आता तिपटीच्या प्रश्नाकडे येतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इराणी गालिच्यांचे मोठे कोठार हॅम्बर्ग झाले. तेथील बंदराच्या मुक्त विभागातील गोदामांत माल आयातशुल्क न भरता ठेवता येई आणि जगभरचे व्यापारी तेथे निवड करायला येत. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा इराणात पैसा आला, मजुरी वाढली, आणि गाठी बांधत बसण्यापेक्षा शहरातील बांधकामावर जाणे परवडू लागले. म्हणजे देशाची भरभराट विणकामाला मारक ठरली. १९७९ची क्रांती आणि त्यानंतरचे इराकशी युद्ध यांच्या काळात गालिचा हे संपत्ती देशाबाहेर नेण्याचे साधनही झाले. अमेरिकेने १९८७ मध्ये इराणी मालावर बंदी घातली, तरी जर्मनी आणि इतर बाजारांच्या बळावर १९९४ मध्ये इराणची गालिचा निर्यात दोन अब्ज डॉलरच्या वर गेली होती. पुढे अमेरिकेची बंदी २००० मध्ये उठली, २०१० मध्ये परत आली, २०१६ मध्ये अणुकरारानंतर पुन्हा उठली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा लादली गेली. २०१७ मध्ये सुमारे ४२ कोटी डॉलर असलेली निर्यात २०१९ मध्ये सात कोटींच्या आसपास आली.

या आकड्यांकडे चांदीच्या घसरणीची आठवण ठेवून पाहिले पाहिजे. २०१८ नंतर रियाल क्रानपेक्षा कितीतरी वेगाने कोसळला, त्यामुळे जुन्या हिशेबाने इराणी गालिचे स्वस्त होऊन जगभर पसरायला हवे होते. तसे झाले नाही, कारण १८७०च्या दशकात पैशाची आणि मालाची वाट मोकळी होती, आणि आता ती बंद आहे. बँका इराणशी व्यवहार करत नाहीत, सर्वांत मोठा ग्राहक देश दार लावून बसला आहे, आणि निर्यातीतून मिळालेले परकीय चलन ठरावीक मुदतीत देशात परत आणण्याच्या इराण सरकारच्या सक्तीने लहान निर्यातदार मागे हटले. विणकराला स्वस्त रियालमध्ये मजुरी मिळते, आणि ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत मधल्या वाटेचा खर्च डॉलरमध्ये चढत जातो. या दुकानातील इराणी माल मालकाच्या सांगण्याप्रमाणे काही २०१८ पूर्वीचा आहे आणि काही दुबईमार्गे आलेला. तिपटीतील मोठा वाटा विणीचा नाही, या आडवळणाचा आहे.

मालकाची आणखी एक गोष्ट येथे नोंदवतो. अमेरिकी पर्यटक इराणी दालनात शिरला तर हा माल त्याला मायदेशी नेता येणार नाही हे तो आधीच सांगतो आणि त्याला काश्मिरी दालनात आणतो. हंगामात अशी गिऱ्हाइके सोडणे सोपे नसते.

काश्मिरी दालनाची कथा समांतर आहे. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर काश्मिरी शालींची फ्रेंच बाजारपेठ बसली आणि शालींचे विणकर गालिच्यांकडे वळले. हॅडो आणि मिचेल यांच्यासारख्या युरोपीय मालकांचे कारखाने श्रीनगरात उभे राहिले. शालींसाठी वापरली जाणारी 'तालीम' ही सांकेतिक लिपी गालिच्यांसाठीही चालू राहिली. कोणत्या रंगाच्या किती गाठी हे एक जण वाचतो आणि बाकीचे बांधतात. तालमीचा एक जीर्ण कागद दुकानात काचेखाली ठेवलेला आहे आणि मालक तो वाचून दाखवतो. दुकान पाहायला जाण्यासारखी ही एक गोष्ट आहे. इराणवरील १९८७च्या बंदीचा फायदा भदोही, मिर्झापूर आणि काश्मीर येथील मागांना झाला, कारण अमेरिकी आयातदाराला इराणी नक्षी हवीच होती, फक्त दुसऱ्या देशाची पावती हवी होती. आज हाताने विणलेल्या गालिच्यांच्या निर्यातीत भारत पहिला आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक माल अमेरिकेला जातो. त्यामुळे अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले तेव्हा थांबलेल्या मागण्यांचा माल देशातील दुकानांकडे वळला. मालकाने मला दाखवलेले काही उत्तम लोकरी गालिचे त्याच वाटेने आलेले होते आणि त्यांच्या किमतीत घासाघीस करायला चांगलीच जागा होती. १९८९-९० नंतर खोऱ्यातील पर्यटन कोसळले म्हणून जे व्यापारी गोव्यात आले, त्यांपैकी हा एक. दूरच्या राजकारणाने बाजार हलतो हे त्याला कोणी शिकवायला नको.

सेवेविषयी थोडक्यात. कहवा मिळतो आणि तो पिऊन काही न घेता उठले तरी कपाळावर आठी दिसत नाही. रेशीम आणि कृत्रिम रेशीम यांतील फरक मालक धागा जाळून दाखवतो: खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि हाताने चुरडणारी राख उरते, व्हिस्कोसला जळत्या कागदाचा. मागे कापड चिकटवलेले, यंत्राने लव भरलेले गालिचे वेगळ्या कोपऱ्यात, तसे लिहून ठेवलेले आहेत. पावती पक्की, जीएसटीसह मिळते.

उणिवा दोन, आणि दोन्ही गंभीर. पहिली, इराणी गालिच्याबरोबर दिले जाणारे प्रमाणपत्र दुकानाने स्वतःच छापलेले आहे. त्याला दुकानाबाहेर किंमत नाही. काश्मिरी हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि २०२२ पासून तपासणी झालेल्या नगावर क्यूआर कोडचे लेबल लावण्याची सोय आहे, तरी येथील थोड्याच गालिच्यांवर ते दिसले. बालमजुरीविरहित असल्याचे लेबल तर एकावरही नव्हते. दुसरी उणीव म्हणजे गालिचा ही 'गुंतवणूक' असल्याचा प्रचार. अपवादात्मक जुने नमुने सोडले तर घरगुती प्रतीचा गालिचा परत विकायला गेल्यास खरेदी किमतीचा लहानसा भागच हाती येतो. यंत्रावरचा माल आणि मोकळ्या फरशीची नवी आवड यांनी जगभरची मागणी खाली आणली आहे. विकलेला गालिचा त्याच किमतीला परत घ्याल का, असे मी मालकाला विचारले तेव्हा बदलून देऊ, असे उत्तर मिळाले. पैसे परत, असे नाही.

आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र माझ्या सगळ्या चौकशीपेक्षा व्यवहाराचा होता: फोंड्याच्या पावसाळ्यात याचे काय करायचे? गोव्यातील घरात जून ते सप्टेंबर गालिच्याला ओल आणि कसर या दोन्हींपासून जपावे लागते. मालकाचा सल्ला योग्य वाटला. घडी घालू नये, लव आत ठेवून गुंडाळावा, प्लॅस्टिकमध्ये न बांधता जुन्या सुती चादरीत बांधावा, जमिनीवर न ठेवता माळ्यावर किंवा पाटावर ठेवावा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि उघडीप मिळेल तेव्हा उलगडून झटकावा. पुरेसा सुकला नाही तर सुती ताणा कुजतो आणि मग गालिचा वाकवताच तडकतो. लोकर टिकते, ताणा जातो. धुण्यासाठी दुकान गालिचे घेते, पण पावसाळ्यात ते हंगामाच्या तोंडावरच परत मिळतात, म्हणून मे महिन्यात देणे बरे.

एकूण विचार करता इराणी दालन पाहावे, शिकावे, आणि खिसा व आवड दोन्ही जबर असतील तरच तेथून खरेदी करावी. कोमचे लहान रेशमी गालिचे भिंतीवर लावण्यासाठी खरोखर सुंदर आहेत, पायाखाली घालण्यासाठी नव्हेत. घरात वापरायला अठरा-अठरा विणीचा काश्मिरी लोकरी गालिचा घ्यावा, क्यूआर लेबल असलेला मागावा, उलटून गाठी आणि दोन्ही बाजूंचे रंग पाहावेत, आणि झालर ही ताण्याचेच टोक आहे की नंतर शिवलेली आहे हे तपासावे. सांगितलेल्या पहिल्या किमतीवर थांबू नये. पर्यटक पांगल्यानंतर, एप्रिलच्या अखेरीस, ती बरीच खाली येते. आम्ही घेतलेला चार बाय सहाचा लोकरी गालिचा दुकानाने फोंड्यापर्यंत जादा पैसे न घेता पोहोचवला. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असते, आणि मालक स्वतः हवा असेल तर सकाळी जावे.